शिकायला हे पुरे

आईला ऐकू येईनासं झालं आणि दाराची बेल नावापुरती उरली. येणारं माणूस बाहेर ताटकळून परत जायचं आणि आई आत निवांत भाजी निवडत बसलेली असायची. बेल दाबली की आईच्या खोलीत दिवा लुकलुकेल असं काहीतरी आपणच करायचं, असं धाकटीने ठरवलं. केस पिकायला लागले तरी घरात ती धाकटीच होती. ती कपडे शिवायची. दिव्याच्या सुट्या भागांचा संच तिने आणला, पण ते जोडायला सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून तारांचे जोड करणं, यायला हवं होतं.

थोरला भाऊ एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती विभागाचा प्रमुख होता. तिने त्याला विचारलं, "दादा, सोल्डरिंगचं कोणतं आयर्न घेऊ?"

"घेतेस कशाला? माझं जुनं पडलंय. शिकायला हे पुरे."

त्या आयर्नचं टोक काळं पडलेलं, खड्डे खाल्लेलं होतं. वायर इतकी ताठ की हात एकीकडे न्यावा तर आयर्न दुसरीकडे ओढ घेई. आधी सोल्डरची तार वितळायचीच नाही, आणि जरा थांबावं तर आयर्न एवढं तापायचं की भाग जोडायच्या पट्टीवरचं तांबंच उचकटून यायचं. दोन-तीन पट्ट्या वाया गेल्या. बोटाला टरटरून फोड आला.

दादा-वहिनी जेवायला आले तेव्हा दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "हिचा हात जड आहे. हे काही शिवण नव्हे." वहिनी हसली, धाकटीही हसली. रेशमावर हाताने काज करणारी बाई ती, पण दादा म्हणतो म्हणजे असेलच, असं तिला वाटलं.

एकदा दादा त्याच्या घराची किल्ली आईकडे विसरला, ती द्यायला धाकटी कारखान्यात गेली. तो कुठल्याशा मीटिंगमध्ये होता. त्याच्या हाताखालच्या बाईंनी तिला बसवून घेतलं. शेजारच्या टेबलावर नुकतीच कामाला लागलेली एकजण सोल्डरिंग करत होती. आयर्न पेनासारखं हलकं, टोक चकचकीत, बाजूला उष्णता कमी-जास्त करायचं बटण. सोल्डर पाण्यासारखं पसरत होतं.

"नवीन माणसाला एवढं चांगलं आयर्न देता?" धाकटीने विचारलं.

"नवीन माणसालाच देतो. नाहीतर काम बिघडलं की दोष हाताचा की आयर्नचा, तेच कळत नाही. तुमच्या दादांनीच हा नियम घालून दिलाय."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. किल्ली तिथेच ठेवून ती तडक बाजारात गेली.

"मिस्टरांसाठी का?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्यासाठी."

"मग हे न्या. घरच्या घरी बास होतं."

"ते नको. उष्णता ठरवता येते ते दाखवा. टोक बदलता यायला हवं. वायर मऊ हवी आणि सोबत स्टँड." तिचा आवाज असा लागला की दुकानदाराने मुकाट्याने वरच्या फळीवरून खोकं काढलं.

पहिलाच जोड नितळ बसला. आनंद व्हायचा तर तिचे डोळे संतापाने भरून आले. हात जड नव्हताच.

सुट्टीच्या दिवशी दादा आला. त्याने बेल दाबली, आत दिवा लुकलुकला आणि आईने स्वतः उठून दार उघडलं. दादाने टेबलावरचं नवं आयर्न उचलून पाहिलं. "हं, असं आयर्न मिळालं म्हणून जमलं."

"म्हणूनच जमलं. आणि हे तुला माहीत होतं."

"अगं, चार दिवसांत तुझा नाद सुटेल असं वाटलं. उगाच कशाला..."

"जुनं दिलंस त्याचा राग नाही. ते भंगार आहे हे ठाऊक असून सगळ्यांसमोर माझ्या हाताला नाव ठेवलंस."

"गंमत केली गं."

"मी ती खरी मानली, दादा. पुन्हा कशाला हात लावायचा नाही, असं ठरवून बसले होते मी."

आई दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. "काय झालं?" तिने विचारलं.

"सांग तिला," धाकटी म्हणाली. "मोठ्याने सांगावं लागेल."

दादाने चपला पायांत सरकवल्या आणि न जेवताच निघाला. धाकटीने त्याला थांबवलं नाही. तिने आईचं आणि आपलं पान वाढलं आणि पोटभर जेवली.