पाइनवर नजर

"बसायच्या फळीवर परत पाणी," लिपा पुटपुटली. "भिजल्या ढुंगणानं पाव आणायला जायचं का आता?"

कापितोलिनाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गुरुवार होता. पलीकडच्या काठावर फिरत्या दुकानाची गाडी यायची, आणि चाळीस वर्षं गावातल्या बायकांना पलीकडे तीच सोडत आली होती. तिने नावेचं नाक पलीकडच्या काठावरच्या, पायऱ्यांच्या वरच्या अंगाच्या वाकड्या पाइनच्या झाडावर धरलं आणि वल्ही मारली.

हे शिकवलं तिच्या नवऱ्याने, येफिमने. उतरायचं असतं पायऱ्यांवर, पण नजर ठेवायची पाइनवर; बाकीचं शोर्मा नदी बघून घेते, असं तो म्हणायचा. आणि शोर्मा घ्यायचीही बघून. दलदलीतून निघालेली एवढीशी नदी, पण गावाला घोड्याच्या नालासारखा वळसा घालताना अशी ओढायची, की पाइनवर रोखलेली नाव बरोब्बर पायऱ्यांना लागायची. बर्फ वितळून वरून ओंडके सोडले, की त्यांची टक्कर घरात ऐकू यायची. म्हातारी झोपेत दात खाते आहे, म्हणायचा येफिम.

येफिम गेला. मग दोन वर्षांपूर्वीच्या पुरात शोर्माने नालाची दोन टोकं जोडून टाकली आणि ती जंगलापलीकडून सरळ निघून गेली. गावापाशी उरलं ते साचलेलं पाणी. वरच्या तोंडाशी तर इतकी वाळू साठली, की एरवी बायका तिथून चालतच पलीकडे जात. गुरुवारी मात्र निमूट नावेत येऊन बसत. कापितोलिनाची नजर पाइनवरच जाई. हातांना दुसरं काही येतच नव्हतं. पाण्याला ओढ उरली नव्हती; नाव पाइनलाच लागे, आणि बायका खाजऱ्या झुडपांतून, चिखल तुडवत पायऱ्यांकडे वळत. त्याबद्दल चकार शब्द कुणी काढत नसे.

आज नाव लागली, तर झुडपं कापलेली. पाइनपासून पायऱ्यांपर्यंत चिखलावर फळ्या टाकलेल्या. फळ्या जणू कायमच्याच तिथे आहेत, अशा बायका त्यांवरून चालत गेल्या. एकटी उरलेली कापितोलिना फळ्या बघत बसली. शेवटची हिरवी होती, कडीसकट. लिपाच्या न्हाणीघराचं दार.

परतताना मधोमध तिने वल्ही वर घेतली. एके काळी इथे हात थांबवला असता, तर तीन श्वासांत नाव खाली गिरणीपाशी गेली असती. वल्ह्यांवरून थेंब गळत राहिले. शेजारी कमळाचं एक पान होतं, ते शेजारीच राहिलं. बायका आपापल्या पिशव्यांत डोकावत होत्या. लिपासुद्धा कुरकुरली नाही.

"न्हाणीघराला दार नाही, मग न्हातेस कशी गं?" कापितोलिनाने तिला विचारलं.

"पडदा लावलाय."

कापितोलिनाने हात पाण्यात बुडवून बघितला.

"नदी गेली ना गं, लिपा?"

लिपाने पावाची पिशवी मांडीवर नीट घेतली.

"गेली. दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "आता नाव सरळ आपल्या धक्क्यावर घे, कापा. फळी अजून ओलीच आहे."