चौथ्यावर थांबणारी लिफ्ट

बाबांनी जन्मभर एकाच लिफ्टमध्ये चढउतार केली आणि तरी कुठे पोचले नाहीत, असं आई म्हणायची. आता त्या लिफ्टच्या स्टुलावर मी बसते. जाळीचं सरकतं दार, सात मजले आणि त्यातला चौथा बंद. तिथं शिवणकामाचा कारखाना होता. आग लागली आणि बायका आतच राहिल्या. बाबांचा नियम असा, की खाली येताना चौथ्यावर थांबायचं, दार उघडायचं, क्षणभर थांबून लावायचं. "त्यांना घरी जायचंय," असं ते सांगायचे आणि अख्खी इमारत गप्प बसून ऐकायची.

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण एकदा मी न थांबता लिफ्ट खाली आणली, तर सातव्यावरचे घाईवाले वकीलसुद्धा मी त्यांचा खिसा कापल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. म्हणून थांबायला लागले.

मग ते सुरू झालं. कुणी आत पाय टाकला की फरशी किंचित दबते, स्टुलावरच्या माणसाला ते बसल्या जागी कळतं. चौथ्यावर दार उघडलं, समोर काळी भिंत, चिटपाखरू नाही, आणि फरशी दबली. दुसऱ्या दिवशीही दबली. पुढेपुढे तर तळमजल्यावर लिफ्ट उंबऱ्याच्या दोन बोटं खालीच राहायची आणि लोक ठेचकाळून मला बोल लावायचे. दुरुस्तीवाल्यानं दोर ताणलाय म्हणून नवा टाकला. लिफ्ट होती तिथंच.

बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. खूश होतील म्हणून त्यांना सांगितलं, तर खोकला येईपर्यंत हसले.

"अगं वेडे, ती गोष्ट मी रचली! मोटर तापायची, तिला दम खाऊ द्यायला थांबायचो. लोक शिव्या घालायला लागले, म्हणून त्या बायकांना पुढं केलं. मेल्यावर काही नसतं गं. दिवा विझतो, झालं. मला नाही भीती वाटत."

"पण फरशी दबते, बाबा. तुमची शपथ."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मग उतरतात कुठं?"

"उतरल्या तर फरशी वर यायला हवी ना? ती कधीच येत नाही."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "माझं आयुष्य तिथं थांबण्यात गेलं, मी दुसरीकडं कुठं जाणार? मी गेलो की चौथ्यावर थांबू नकोस. मला त्या लिफ्टमध्ये अडकायचं नाही. वचन दे."

दिलं. त्यानंतर बाबा शांत झोपले नाहीत, अगदी शेवटपर्यंत.

ते गेल्यावर मी कामावर परतले आणि चौथा मजला न थांबता ओलांडला. जाळीवर टकटक झाली, अंगठीची. दार लावण्याआधी बाबा तशीच वाजवायचे.

"कोण राहिलं वर?" वकिलांनी विचारलं. म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं.

खाली येईपर्यंत टकटक चालू होती, घाबरलेल्या माणसानं वाजवावी तशी. वचन गेलं खड्ड्यात! वकिलांना उतरवून मी एकटीच वर गेले आणि दार उघडलं. फरशी दबली, आधी खूप, मग जराशी. बाबा एका पायानं लंगडायचे.

"चला बाबा, खाली जाऊ," मी म्हणाले.

खाली नेहमीची गर्दी दाराला चिकटून उभी होती आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दार उघडलं की लोक आत घुसतात. जिवंत माणसं कोपरं मारून उतरतात. मेलेल्यांना कोपरं कुठली?

मी बाहेर येऊन हात पसरले. "मागं सरा! आधी उतरू द्या."

लिफ्ट रिकामी होती. कुणीतरी फिदीफिदी हसलं. पण वकील अजून तिथंच होते. ते मागे सरकले आणि शेजारच्यालाही त्यांनी ओढलं. मधे वाट झाली.

फरशी हलकेच वर आली. मग पुन्हा. पुन्हा. हसणारेही मागे सरकले. किती जणी असतील, मी मोजलं नाही, मला समोरचं नीट दिसतही नव्हतं. शेवटी फरशी आधी जराशी वर आली, मग खूप. लिफ्टवाला नेहमी सगळ्यांच्या मागून उतरतो.

माझं मनगट कुणीतरी धरलं आणि हळूच सोडलं. लिफ्ट उंबऱ्याच्या पातळीला आली होती.