साठ रिकाम्या खुर्च्यांची सुनावणी

सभागृहात साठ खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणसं होती दोन. एक विधी खात्यातले मसुदेकाका, दुसरा शिपाई. तोही 'आलोच' म्हणून जो गेला तो गेलाच.

जनसुनावणीचं हे असंच! नोटीस कुठल्या कोपऱ्यात छापतात, कुणाला पत्ता नसतो.

विषय मात्र लहान नव्हता. भर समुद्रात, जिथे कुठल्याच देशाची हद्द नाही, तिथे खोल तळावर बटाट्याएवढे धातूचे गोळे पडलेले असतात. एका कंपनीला ते उपसायचे होते. आंतरराष्ट्रीय कायद्याने तो ठेवा साऱ्या मानवजातीचा. म्हणून परवाना मागताना एखाद्या देशाला कंपनीच्या पाठीशी उभं राहावं लागतं. आपल्या सरकारने तशी शिफारस करण्याआधी इथल्या किनाऱ्यावरच्या लोकांचं ऐकून घ्यायचं होतं.

मसुदेकाकांनी अहवाल आधीच लिहून आणला होता : 'एकही हरकत आली नाही.' निवृत्तीला चार महिने उरलेले. नसतं झेंगट कशाला? बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. घरी बोलायला भिंती होत्या.

दार करकरलं. मासेमारीची जाळी विणणारी एक वयस्कर बाई आत आली.

"सुनावणी इथंच ना? बाकीचे कुठायत?"

"कुणी आलं नाही, मावशी."

"येतील कसे? ती नोटीस मी तीनदा वाचली. शेवटी शाळेतल्या मास्तरांनी फोड करून सांगितली, तेव्हा कळलं समुद्राबद्दल आहे म्हणून!"

"तो तळ फार लांब आहे हो. तिथं कुणी राहत नाही."

"कुणी म्हणजे माणूसच ना? जीव आहेत की! आणि तळातून उडालेला गाळ हद्द बघून थांबतो होय? ठेवा सगळ्यांचा म्हणता. मग यंत्रवाल्यांनी गोळे न्यायचे आणि ज्यांच्याकडे साधी होडी नाही त्यांनी गढूळ पाणी बघत बसायचं?"

"पण हरकत कुणी घेतलीच नाही..."

"ज्याला विचारलंच नाही, तो हरकत कशी घेणार? गप्प बसला म्हणजे कबूल झाला, असं नसतं भाऊ!"

काकांना मुलाचं बोलणं आठवलं. गेल्याच महिन्यात तो घरी आला होता, तेव्हा फोनवर बहिणीला म्हणताना त्यांनी ऐकलं होतं, "बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे वृद्धाश्रम त्यांना चालेल." बोलणार काय? विचारलं कुणी होतं?

त्यांनी अहवालावर आडवी रेघ मारली.

"सांगा मावशी. सावकाश सांगा, लिहून घेतो."

सगळं लिहून झाल्यावर खाली त्यांनी शेरा मारला : 'ही सुनावणी ग्राह्य धरू नये. साध्या भाषेत नोटीस काढून पुन्हा घ्यावी.'

"अहो, एका बाईसाठी?" दुसऱ्या दिवशी शेरा वाचून खात्याचे साहेब उखडले.

"नाही साहेब, न आलेल्यांसाठी."

काकांची बदली अभिलेख कक्षात झाली. तिथे धुळीने भरलेल्या कपाटांमध्ये ते एकटेच डबा खात. जुने सहकारी जिन्यात नजर चुकवत. पण नोंदलेली हरकत खोडता येत नव्हती. दोन महिन्यांनी पुन्हा सुनावणी झाली, तेव्हा खुर्च्या अपुऱ्या पडल्या! नुकसान कोण भरून देणार आणि गरीब देशांचा वाटा किती, हे ठरेपर्यंत शिफारस थांबली. काका मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांना कुणी ओळखलं नाही.

संध्याकाळी त्यांनी आपणहून मुलाला फोन लावला. "मला कुणी विचारलं नाही, म्हणून आज मीच सांगतोय. मला हे घर सोडायचं नाही."

मग मुलगा हळूच म्हणाला, "चुकलंच बाबा. बोला, ऐकतोय."

वाचकहो, जे सगळ्यांचं असतं, ते कुणा एकाने न विचारता उचलायचं नसतं. न्याय कायद्याच्या कागदावर असून भागत नाही. ज्याचा आवाज पोचत नाही, त्याच्या दारापर्यंत जाऊन त्याला विचारावं लागतं!