नोएलाचा गुद्दा आणि मी, मागच्या सीटचं पायदान

मित्रांनो, मोटारसायकलची गोष्ट निघाली की इंजिन पुढे सरसावतं, दिवा मिरवून घेतो, भोंगा तर बोलवायच्या आधीच ओरडतो. मागच्या सीटच्या पायदानाला कोणी विचारत नाही. म्हणून आज मी न विचारताच बोलणार आहे. वयाने मी म्हातारा, जातीने लोखंडी, आणि मुक्काम डाव्या बाजूला. उजव्या बाजूला माझा जुळा भाऊ असतो. तो सायलेन्सरच्या शेजारी राहतो, त्यामुळे कायम तापलेला. त्याच्या नादी लागू नका.

माझा जन्म मी स्वतः पाहिलेला आहे. (पायदानाला डोळे कुठून, असं ज्याला विचारायचं असेल त्याने खुशाल उठून जावं.) चालवणाऱ्याचे पाय कुठे यावेत, यावर कारखान्यातले लोक आठवडाभर भांडले. माझी पाळी आली आणि नेमकी जेवणाची सुट्टी झाली.

"मागे कोणी बसलं तर?" एकाने विचारलं.

"बसलं तर बसलं! ते बघ, तिथे भोक आहे. लाव तिथेच," दुसरा डबा उघडत म्हणाला.

असं माझं भविष्य ठरलं. उंचावर, फार मागे, आणि रुंदीला जेमतेम अंगठ्याएवढा.

जहाजातून मी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटावर आलो. ह्यूऑन नदीकाठच्या सफरचंदाच्या बागेत क्लेम राहत होता, त्याने आमची मोटारसायकल घेतली. आणि माझ्यावर पहिलं पाऊल पडलं ते त्याच्या बायकोचं, नोएलाचं. तेव्हा ती चवळीच्या शेंगेसारखी होती. गुडघे कानांशी घेऊन बसायची आणि वाटभर गायची. मित्रांनो, तो माझा सुवर्णकाळ! एकदा ब्रूनी बेटावरून येताना एक छोटा पेंग्विन माझ्यावर चढला आणि थेट घरापर्यंत आला. उतरताना त्याने मान तुकवून आभारही मानले. खोटं वाटत असेल तर माझ्या भावाला विचारा. तो बोलत नाही, हा काही माझा दोष नव्हे.

वर्षं सरली. नोएलाचं अंग भरलं आणि गुडघे कुरकुरू लागले. दुखायला लागलं की ती क्लेमच्या पाठीत गुद्दा मारायची. गुद्दा म्हणजे थांब. मग पेट्रोल पंपावर थांबा, बेकरीपाशी थांबा, कोणाच्याही फाटकाशी थांबा. दोष मात्र माझा. "हे मेलं पायदान!" असं म्हणून ती उतरताना मला टाच मारायची. मी सोसलं. ती खोटं थोडंच बोलत होती?

आमच्या भागात दर डिसेंबरला मोटारसायकलवाले खेळण्यांची फेरी काढतात. गाडीगाडीला खेळणी बांधायची, ओळीने होबार्ट शहरात जायचं आणि ज्या मुलांच्या घरी नाताळबाबा फिरकत नाही, त्यांच्यासाठी ती देऊन यायची. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, तरी क्लेम कापसाची दाढी लावून पुढे बसायचा आणि नोएला पोतं घेऊन मागे. दोघांनी एकही फेरी चुकवली नव्हती. पण त्या वर्षी नोव्हेंबरात चेरी आणायला म्हणून दोघं निघाली आणि परत आल्यावर नोएलाला उतरताच येईना. क्लेमने तिला काखेत धरून उतरवलं.

"या वर्षी मी मोटारीतून येते रे," ती गुडघा चोळत म्हणाली.

"मोटारीतून? मग मी एकटा दाढी लावून काय करू?"

"मिरव की!"

क्लेम हसला नाही. "तू मागे नसशील तर मी ही गाडी विकतो," तो म्हणाला.

हे कुंपणापलीकडे तासोने ऐकलं. तासो म्हणजे शेजारचा ग्रीक वेल्डर. आमच्या मोटारसायकलवर त्याचा फार दिवसांचा डोळा होता. "विकायचीच असेल तर माझ्याशिवाय दुसऱ्याला दाखवू नकोस हं, म्हाताऱ्या," तो म्हणाला. माझ्या नटबोल्टांचा थरकाप उडाला.

पण क्लेम इतक्यात हार मानणारा नव्हता. दुसऱ्याच दिवसापासून मागच्या शेडमध्ये मला सुधारण्याचं काम सुरू झालं. इथल्या गड्यांची शेड म्हणजे देवघरच. तिथे शिरला की माणूस कोणाचं ऐकत नाही. आधी त्याने समुद्रावर घालायची रबरी चप्पल कापून मला गुंडाळली. मग घरातल्या सोफ्याचा स्पंज लावला. मग मेंढीचं लोकरी कातडं! मी पायदान न राहता मेंढी झालो. शेजारच्या एका मेंढ्याने मला मागणीही घातली, पण तो विषय नको.

"आता कसं वाटतंय?" क्लेम दर वेळी विचारायचा.

"तळव्यांना झकास वाटतंय," नोएला म्हणायची. "गुडघे जिथल्या तिथे बोंबलतायत."

"जरा आणखी मऊ करू?"

"क्लेम, तू कधी मागे बसला आहेस?"

क्लेम उगाच पाना पुसू लागला. मित्रांनो, आमच्याकडचे गडी वादळात मासे धरतील, पण बायकोच्या मागे बसणार नाहीत. लोक काय म्हणतील! नोएला लहानपणी बापाच्या बागेत मोटारसायकल चालवायला शिकलेली होती. तिने किल्ली उचलली.

"बस मागे. नाहीतर मी मोटारीतून जाते."

क्लेम बसला. माझ्यावर त्याचे भले थोरले बूट आले आणि त्याचे गुडघे हनुवटीला टेकले. नोएलाने त्याला बागेतल्या खडीच्या वाटेवरून असं काही फिरवलं की झाडांवरची कच्ची सफरचंदं घाबरून पिकली. कुंपणावरून तासो ओरडला, "क्लेम! तुला नव्या नवरीसारखं कुठे पळवून नेतायत?"

क्लेमचं सगळं लक्ष गुडघ्यांकडे होतं. त्याने नोएलाच्या पाठीत गुद्दा मारला.

ती थांबली. तो उतरला, म्हणजे बराचसा पडला. पाय चोळत गवतात बसून राहिला आणि मग हळूच म्हणाला, "इतकी वर्षं तू अशी बसत होतीस?"

"मग काय खुर्चीत?"

"मऊपणाचा प्रश्नच नाही गं. हे पायदानच चुकीच्या जागी आहे. तासो, तुझं वेल्डिंगचं मशीन काढ!"

तासो जरा कुरकुरला, पण आला. दोघांनी मिळून एक मजबूत लोखंडी पट्टी बनवली. तिच्यावर मला चार बोटं खाली आणि चार बोटं पुढे आणलं, वर पाऊलभर रुंद रबरी फळी बसवली. माझ्या भावालाही तसंच केलं. वळणावर आम्ही रस्त्याला घासू नये म्हणून गाडी दोन्ही बाजूंना कलवून पाहिली. या वेळी क्लेम आधी स्वतः मागे बसला, मग नोएलाला बसवलं.

फेरीचा दिवस उजाडला. पोत्यातून कापडी अस्वलं डोकावत होती आणि क्लेमची दाढी वाऱ्यावर उडत होती. आमच्या मागोमाग तासो आपल्या खटाऱ्यावर येत होता. बेकरी आली, गुद्दा नाही. पेट्रोल पंप आला, गुद्दा नाही. क्लेमची पाठ ताठ होत चालली होती. होबार्टच्या अलीकडचा चढ आला आणि त्याने घाबरून गाडी कडेला घेतली.

"नोएला! बरी आहेस ना?"

"थांबलास कशाला?" ती डोळे चोळत म्हणाली. मित्रांनो, माझ्यावर पाय ठेवून ती झोपली होती!

"तू गुद्दा नाही मारलास!"

"दुखलंच नाही, तर मारू कशाला? चल, पोरं वाट बघत असतील."

क्लेमने दाढी वर सरकवून डोळे पुसले. घाम होता म्हणे. तेवढ्यात तासो येऊन थांबला. "म्हणजे गाडी विकायची नाही?"

"नाही."

"हात्तिच्या," तासो म्हणाला. "वेल्डिंग जरा कच्चं ठेवायला हवं होतं."

नोएला इतकी हसली की मी गदगदा हललो. पण तुटलो नाही, वेल्डिंग पक्कं होतं.

तर मित्रांनो, कोणासाठी काही सुधारायला निघालात तर आधी त्याच्या जागेवर थोडा वेळ बसून बघा. आणि तुमच्या घरच्या मोटारसायकलचं मागचं पायदान आज उघडून पाहा. चिखल साचला असेल तर पुसा, बिजागरीत थेंबभर तेल सोडा. त्याच्यावर पाय ठेवणारं माणूस तक्रार करत नसेल, म्हणून ते सुखात आहे असं धरून चालू नका.