नुसतं बसणं

दिवेलागणीला बकुळच्या फोनवर एक चूक येई, आणि ती आली की तिला बरं वाटे.

काशीत राजा घाटामागच्या गल्लीत दिनानाथकाकांची कचेरी. तिथे काशीच्या घाटांवरचं एक मराठी पुस्तक संगणकासाठी तयार होत होतं. वाचकाने अनोळखी शब्दावर बोट ठेवलं की शेजारी त्याचा अर्थ उघडावा, म्हणून मजकुरातल्या अशा शब्दांना खुणा करायच्या, शेवटच्या शब्दसूचीत व्याख्या लिहायच्या आणि दोहोंची गाठ मारायची. खुणा प्रल्हाद करी, व्याख्या बकुळ लिही. बकुळ रसायनशास्त्राची पदवीधर, शब्दसुद्धा तराजूत घालून बघणारी. तरी तिने 'मोठी पायरी' लिहिलं की प्रल्हाद विचारी, "मोठी म्हणजे कुणाच्या मानाने, बाईसाहेब?" मग दोघं घाटावर जाऊन पायरी बघून येत. येताना विनाकारण लांबच्या गल्लीने येत.

उन्हाळ्यात प्रल्हादला पुण्यात नोकरी लागली. निघताना तो म्हणाला, "पुण्याला येशील कधी?"

"आधी पुस्तक संपू दे," बकुळ म्हणाली. दुसरं काहीतरी म्हणायचं होतं, ते राहिलं.

खुणांचं उरलेलं काम तो तिथूनच करी. दोघांत आता उरली ती रोजची खबर. फाइल तपासणारा प्रोग्राम संध्याकाळी व्याख्या नसलेले शब्द चूक म्हणून त्या दोघांना कळवी. वर दोघांची नावं शेजारी शेजारी, खाली शब्द. ती यादी आटत आटत एका ओळीवर आली होती: 'मढी : व्याख्या नाही.' ही ओळ गेली की खबर येणं थांबणार होतं. प्रल्हादला आपणहून फोन करायला बकुळला कारण सापडत नव्हतं. या ओळीला कारण लागत नव्हतं.

"अगं, मढी खिडकीतून दिसते तुला," दिनानाथकाका वैतागले. "लिही आणि मोकळी हो!"

"माप घ्यायचंय, काका."

"माप? मढी काय दवा आहे, चम्मचने मोजायला? कल फाइल जाएगी, बस!"

बकुळने शेवटी लिहिलं: 'मढी : घाटाच्या पायऱ्यांतून नदीकडे पुढे आलेला दगडी चौथरा, बहुधा आठ कोनांचा. पूजापाठ, कसरत किंवा नुसतं बसणं यासाठी वापरतात.' शेवटचा वापर तिने खोडला. मग परत लिहिला, कारण तो खरा होता. तिने आणि प्रल्हादने मढी सर्वांत जास्त त्यासाठीच वापरली होती.

संध्याकाळी खबर आली: 'चूक नाही.' काकांनी मलइयो, थंडीतली दुधाच्या फेसाची मिठाई, मागवली. बकुळला ती गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर ती मढीवर जाऊन बसली. खाली नाववाले गिऱ्हाईक हेरत होते. "दीदी, नाव?" एकाने विचारलं. तिने मान हलवली. पलीकडची वाळू निळी पडत गेली, दिवे लागले. फोन गप्प होता. आता तो गप्पच राहणार, हे ठाऊक असूनही तिने दोनदा उघडून पाहिला.

तिसऱ्यांदा तो आपणहून वाजला.

'नुसतं बसणं : व्याख्या नाही. खूण करणारा : प्रल्हाद.'

बकुळ एकटीच मोठ्याने हसली. व्याख्येत आलेला शब्दही व्याख्येविना सोडायचा नाही, हा नियम त्याचाच. त्यावरून ती त्याच्याशी किती भांडली होती!

लगेच काकांचा फोन. "ये क्या तमाशा है? फाइल पुन्हा अडली! कसला शब्द काढलाय तुम्ही?"

"अवघड आहे, काका."

"बसणं अवघड?"

"हो ना."

खबरीखाली शेरा लिहायला जागा होती. आजवर तिथे तिने फक्त मापं लिहिली होती. नदीवरून वारा आला तसा तिने पदर सावरला आणि जपून टाइप केलं:

'एकटीने करून पाहिलं. जमलं नाही. या व्याख्येसाठी दोन माणसं लागतील. जागा तीच.'

तिने शेरा पाठवला आणि शेजारी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.