हाराच्या आधी

वसुधाने मशीनच्या मागे हात घालून प्लग खेचला. पंखे बसले, स्क्रीन काळी झाली आणि रक्तपेढीतल्या कल्पिताने नोंद करता करता कीबोर्डवरून हात उचलले.

ही रीत अंबादास सरांची. मशीन नवं असो की सॉफ्टवेअर, हार घालायच्या आधी चालू कामात प्लग काढून बघायचा. परत उठल्यावर जे शिल्लक राहील तेवढं खरं, बाकी सगळी जाहिरात, असं ते म्हणायचे. घाटकोपरच्या या ट्रस्टच्या रुग्णालयात सर्व्हरवर फुकटचं, सगळ्यांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर त्यांनीच बसवलं होतं आणि निवृत्त होईपर्यंत कंपन्यांच्या एजंटांना चहा पाजून दारातूनच परत पाठवलं होतं. आता ते निवड समितीचे सल्लागार होते. ट्रस्टी हर्षदभाईंना मात्र एका कंपनीचं सॉफ्टवेअर हवं होतं, कारण सगळी मोठी हॉस्पिटलं म्हणे तेच घेत होती. दोन्हींची चाचणी घेऊन अहवाल द्यायचं काम सरांच्या जागी आलेल्या वसुधाच्या गळ्यात पडलं.

जुन्या सॉफ्टवेअरचं मशीन उठलं. कल्पिताने वहीशी ताडून बघितलं.

"सात नोंदी गेल्या गं," ती म्हणाली. "तपासलेल्या पिशव्या होत्या, सातही."

कंपनीच्या सॉफ्टवेअरने आदल्याच दिवशी एकही नोंद गमावली नव्हती. नेटची वायर काढल्यावर मात्र ते ठप्प झालं होतं; पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं, कोणत्या फ्रिजमध्ये कोणत्या गटाचं रक्त आहे ते सांगेना. या इमारतीत नेट आठवड्यातून दोनदा तरी जातं. जुनं सॉफ्टवेअर नेटशिवाय झकास चालत होतं. मग ते नोंदी का गिळतंय?

दोन दिवस ती सेटिंगच्या फायली वाचत बसली. प्रत्येक नोंद लगेच डिस्कवर उतरवायची सोय कुणीतरी नंतर बंद करून ठेवली होती. शेजारी शेरा होता: 'वेग वाढतो. अंबादास.' वीज गेली तरी मशीन चालू ठेवणारा यूपीएस होता म्हणून इतकी वर्षं भांडं फुटलं नव्हतं. गेली सहा वर्षं ती फाइल वसुधाच्याच ताब्यात होती, पण सरांनी लिहिलंय म्हटल्यावर तिने ती कधी उघडलीच नव्हती. तिने सोय चालू केली आणि पाच वेळा प्लग खेचला. एकही नोंद गेली नाही.

रविवारी ती कांदिवलीला सरांकडे गेली. सर गॅलरीत कढीपत्त्याला पाणी घालत होते. तिने त्या सेटिंगचा छापील कागद, शेऱ्यासकट, पुढे केला. सरांनी चष्मा लावला आणि तीन ओळींचा तो कागद बराच वेळ वाचला.

"अहवालात काय लिहिणार आहेस?"

"जुनंच ठेवा म्हणून. आपल्या कामाला तेच बरं आहे. एक सेटिंग चुकलं होतं, ते दुरुस्त केलं."

"कुणाचं चुकलं?"

"विचारतीलच ना, सर."

सरांनी कागदाची घडी घातली. उलगडली, पुन्हा घातली.

"कंपनीचंही तसं काही वाईट नाही," ते म्हणाले. "जमाना बदललाय गं. जुनं आता कमजोर पडतंय, असं लिही. कुणाचं नाव यायला नको."

ज्या माणसाने कंपनीचं फुकट आलेलं पेनसुद्धा टेबलावर ठेवू दिलं नव्हतं, तो हे बोलत होता. वसुधाला राग यायला हवा होता. आधी लाज वाटली, आणि तीही त्यांच्यासाठी.

तिने अहवाल लिहिला: जुनंच ठेवावं. कारणांत नेटचं लिहिलं, पाच चाचण्यांचं लिहिलं, आणि शेवटी, 'सेटिंग चुकीचं होतं, जबाबदारी माझी.' हे अगदीच खोटं नाही, अशी तिने मनाची समजूत घातली.

समितीच्या बैठकीत हर्षदभाईंनी फक्त तो शेवट वाचला.

"म्हणजे चूक तुमची, आणि चांगलं काय तेही तुम्हीच सांगणार?" ते हसले. "सर, तुमचं मत?"

वसुधाने सरांकडे पाहिलं. सर बशीतली बिस्किटं निरखत होते.

"कंपनीचं घ्यावं," ते म्हणाले.

महिन्याभराने उद्घाटन झालं. नारळ, झेंडूचा हार, आणि प्रमुख पाहुणे अंबादास सर. माइकवर ते म्हणाले, "वसुधा हुशार मुलगी आहे. चुकीतून शिकेल." टाळ्या पडल्या.

सरांनी हार उचलला तेव्हा वसुधा हळूच पुढे झाली.

"सर, आधी प्लग?"

"आता कशाला?" असं म्हणून सरांनी मशीनला हार घातला.

वसुधाने मशीनच्या मागे हात घातला. प्लगला हात लावला नाही, नेटची वायर तेवढी ओढली. पडद्यावर चाक फिरू लागलं. हर्षदभाई फोटोग्राफरला हाका मारत होते, बाकीचे सामोशांकडे वळले होते. सरांनी मात्र पाहिलं. आधी चाक, मग तिच्या हातातली वायर.

ते दोन पावलं सरकले आणि पडद्याकडे पाठ करून असे उभे राहिले, की मागचं काही दिसू नये.

"ये," ते तिला म्हणाले, "फोटोत ये."