म्हशीच्या गळ्यातला चार्जर

अनुजाची नोकरी म्हशीच्या गळ्यात अडकली होती. गोकुळ शिरगावच्या एका छोट्या कारखान्यात ती म्हशींसाठी बिनतारी पट्टा तयार करत होती. म्हशीनं रवंथ कमी केला की मालकाच्या मोबाईलवर निरोप जायचा. महिनाभराची चाचणी पार पडली तर अनुजा कायम, नाहीतर घरी, असं कारखान्याचे मालक असलेल्या उदयसिंहांनी आधीच सांगून टाकलं होतं.

पट्ट्याला एकच यूएसबी पोर्ट होता. त्यातून बॅटरी चार्ज व्हावी आणि दुरुस्तीच्या वेळी माहिती काढता यावी, एवढंच तिच्या मनात. पण उदयसिंहांना माहितीपत्रकात एक ओळ कमी पडत होती. त्याच पोर्टमधून वीज बाहेरही देता आली पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला. मग बॅटरी पुरायची नाही, हे अनुजानं तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायची सोय उरली नाही, कारण तोवर माहितीपत्रक छापून आलं होतं.

गारगोटीजवळच्या एका गावात वीस म्हशींना पट्टे बांधले. पाचव्या दिवशी संगणकावर वीसच्या वीस म्हशी गप्प झाल्या. अनुजा तडक गावात पोचली.

गावात लाईट गेली होती. पहिल्याच गोठ्यात म्हशीचा मालक सयाजी तिला खेटून उभा, मोबाईलवर कुस्ती बघत, आणि मोबाईलची वायर म्हशीच्या गळ्यात. घरोघरी हीच तऱ्हा. लाईट असताना पट्टा चार्ज करायचा आणि गेली की म्हशीकडून परत घ्यायची. अनुजाचं डोकंच फिरलं. पट्टा असा बंद पडला तर म्हैस आजारी पडलेली कळणार कशी, असं तिनं विचारलं.

"कळली की," सयाजी म्हणाला. "परवापास्नं रवंथ करीना झालती. मोबाईल लावला की दोन तास हितंच हुबं ऱ्हावं लागतंय. मग दिसतंयच की. डॉक्टर येऊन इंजेक्शन करून गेलं."

आणखी दोन म्हशींचं दुखणं असंच मालकांच्या ध्यानात आलं होतं.

अनुजानं परत येऊन सगळं खरं सांगितलं. राजीनामा पर्समध्ये तयारच होता. उदयसिंहांनी तो बाहेर काढूच दिला नाही. महिना संपायची वाट न बघता त्यांनी अहवालात स्वतःच्या हातानं लिहिलं, तिन्ही आजारी म्हशी वेळेत ओळखल्या, यश शंभर टक्के. अनुजा कायम झाली. हसावं की रडावं, तिला समजेना.

"आता एक बदल करा, मॅडम," ते म्हणाले. "मोबाईलची वायर पट्ट्यालाच जोडून द्या, आणि ती आखूड करा. मालक म्हशीपास्नं हलाय नको."

तिनं नवा आराखडा काढला. वर 'बिनतारी पट्टा' हे नाव तसंच ठेवलं आणि खाली वायरची लांबी लिहिली, एक वीत.